आमची साक्ष आम्हाला लिहू द्या : मराठी मंडळ्यांच्या पाळक-पुढाऱ्यांस खुले पत्र

आदरणीय बिशप, पाळकसाहेब, धर्मगुरू आणि मंडळ्यांच्या कमिट्यांवरील वडीलधारे सभासद यांस,

प्रभूमध्ये सलाम.

मागणी आधी सांगते, कारणे मागून. आपल्या मंडळ्यांतल्या साध्या विश्वासणाऱ्यांना आपापली साक्ष, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते, मराठीत, स्वतःच्या शब्दांत आणि स्वतःच्या नावाने इंटरनेटवर लिहू द्या. ज्याला जमेल त्याने स्वतःचा ब्लॉग काढावा, असे रविवारच्या उपासनेत सूचनांच्या वेळी तुम्ही तुमच्या तोंडाने सांगा. त्या लिखाणावर मंडळीचा शिक्का नको, कमिटीची मंजुरी नको. तुमचा आशीर्वाद तेवढा हवा, आणि तो सर्वांसमक्ष हवा.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका मंडळीची सभासद. नोकरी शाळेत झाली, संडे स्कूल घेते, महिला मंडळात आहे. धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. ज्यांच्या वतीने लिहिते आहे त्यांच्यापैकी बहुतेकांकडेही नाही.

२०२० साली टाळेबंदी लागली, चर्चची दारे बंद झाली आणि आपल्या मंडळ्या बघता बघता मोबाईलवर आल्या. तेव्हापासून उपासना थेट दिसते, संदेश यूट्यूबवर राहतो, सकाळी सहाच्या आत व्हॉट्सॲपवर उगवत्या सूर्याच्या चित्रावर छापलेले बायबलचे वचन येते. अंथरुणाला खिळलेल्या आमच्या कितीतरी म्हाताऱ्यांना याचा केवढा आधार आहे, हे मी घरोघरी पाहते. त्याबद्दल तुमचे उपकारच मानायला हवेत. पण यात एक गोष्ट होऊन बसली. इंटरनेटवर गेले ते व्यासपीठ. बाकांवर बसलेली माणसे होती तिथेच, होती तशीच गप्प राहिली. त्यांच्या वाट्याला आले ते फक्त 'आमेन' लिहिणे आणि आलेले पुढे पाठवणे.

ही माणसे गप्प राहिल्याने काय जाते, ते एका प्रसंगावरून सांगते. आमच्या महिला मंडळात एक मावशी आहेत. मिशन हॉस्पिटलात नर्स म्हणून त्यांची उभी हयात गेली. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, त्यांच्या घरी घरप्रार्थना होती. गाणे झाले, वाचन झाले, आणि पाळकसाहेबांना यायला उशीर होता म्हणून कोणीतरी म्हणाले, मावशी, तुम्हीच दोन शब्द बोला. त्यांनी पदराने हात पुसले आणि भाजलेल्या बायकांच्या वॉर्डातल्या एका रात्रीबद्दल बोलायला लागल्या. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी होती. नवी नवरी. पाणी तोंडाला लावायचे तर चमच्याने, तेही थेंब थेंब. मावशी रात्रपाळीत दर फेरीला तिच्या खाटेपाशी थांबून मनातल्या मनात प्रार्थना करायच्या. मोठ्याने नाही, कारण ती आपल्या धर्माची नव्हती आणि त्या अवस्थेत तिला संकोच नको, असे त्यांना वाटे. दोन-तीन रात्रींनी तिनेच विचारले, "सिस्टर, तुम्ही माझ्यापाशी उभ्या राहून काय पुटपुटता?" मावशी म्हणाल्या, "तुझी आई इथे असती तर तिने देवाकडे जे मागितलं असतं, ते मी माझ्या देवाकडे मागते." मुलगी म्हणाली, "मग जरा मोठ्यानं मागा."

ती वाचली नाही. मावशींनी तेही सांगितले. देवावर इतक्या रागावल्या होत्या की कित्येक रविवार चर्चची पायरी चढल्या नाहीत. "मग पुन्हा त्याच वॉर्डात ड्युटी लागली," त्या म्हणाल्या, "आणि पहिल्या खाटेपाशी आपोआप डोळे मिटले. तेव्हा मला कळलं की त्यानं मला सोडलेलं नाही."

खोलीत कोणी हलले नाही. मग पाळकसाहेब आले, संदेश झाला, चहा झाला, सगळे घरी गेले. ही साक्ष त्या खोलीबाहेर गेली नाही. मावशी आता ऐंशीच्या घरात आहेत.

अशी एक मावशी तुमच्याही मंडळीत आहे. नसेल तर साखर कारखान्यात आयुष्य काढलेले एक काका असतील, दारू सुटलेला एखादा रिक्षावाला असेल, आखातात एकट्याने नाताळ काढणारा एखादा फिटर असेल. त्यांच्याजवळ जे आहे ते कोणत्याही संदेशात नाही. आणि ज्यांनी ते वाचावे, असे लोक शोधत आहेत.

हो, शोधत आहेत. आमच्या शेजारच्या वहिनींनी मला विचारले होते, तुम्ही ईस्टरला पहाटे अंधारात कबरस्तानात का जाता? मी त्यांना सांगितले ते सांगितलेच, पण मग मनात आले की ज्यांच्या शेजारी कोणी ख्रिस्ती राहत नाही ते कोणाला विचारतील? मराठीत शोधून पाहिले. शुभेच्छांची चित्रे मिळाली, वर्तमानपत्रातल्या चार ओळी मिळाल्या, आणि कुठल्याशा परदेशी संस्थेने यंत्राकडून भाषांतर करून घेतलेले लांबलचक लेख मिळाले, ज्यांतले एक वाक्य मराठी माणूस जन्मात बोलणार नाही. वडिलांच्या कबरीवर पहाटे मेणबत्ती लावताना एका मराठी मुलीला काय वाटते, हे मला कुठे सापडले नाही. वहिनींना विचारायचे होते ते नेमके तेवढेच.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार होते. राज्याच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. त्यातले बरेचसे मुंबई, वसई, पुणे, नगर अशा ठिकाणी एकवटलेले. म्हणजे कोट्यवधी मराठी माणसे अशी आहेत की ज्यांच्या जेवणाखाणात, लग्नकार्यात, मर्तिकात एकही ख्रिस्ती माणूस नाही. त्यांना आपण ठाऊक आहोत ते हिंदी सिनेमातल्या पात्रांमुळे आणि मोबाईलवर फिरणाऱ्या मजकुरामुळे. पिशवीभर तांदळासाठी बाटलेले लोक, असे कोणी आपल्याविषयी लिहिले तर वाचणाऱ्याजवळ ताडून पाहायला दुसरे काही नसते. वादाने हे मिटत नाही. मावशींच्या त्या रात्रीसारखी हजार पाने मराठीत असतील, तर वाचणाऱ्याला निदान दोन्ही गोष्टी समोर ठेवून आपले आपण ठरवता येईल.

हे मी काही नवे मागत नाही. आपला सगळा वारसाच लिहिणाऱ्यांचा आहे. इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनी गोव्यातल्या नवख्रिस्ती लोकांसाठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले आणि १६१६ मध्ये ते राचोलला छापले. देवनागरीचे खिळे नसल्यामुळे ती मराठी ओवी रोमन अक्षरांत छापावी लागली. आज दहावीतल्या पोराच्या खिशातल्या मोबाईलमध्ये देवनागरी आहे. १८४२ मध्ये अहमदनगरला 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले, म्हणजे आमच्याच अहिल्यानगरात. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खे बायबल सोप्या मराठीत आणले, कारण साध्या बाईला ते वाचून समजावे, अशी त्यांची तळमळ होती. त्या १९२२ मध्ये गेल्या. बायबल छापून पूर्ण झाले १९२४ मध्ये, केडगावच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यात, आणि त्या छपाईला हात लागले ते तिथे आश्रय घेतलेल्या बायकांचे. पदवी नसलेल्या, कित्येकींना पूर्वी अक्षरओळखही नसलेल्या बायकांचे.

आणि लक्ष्मीबाई टिळक. त्यांच्याविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण माझे सगळे म्हणणे त्यांच्या एका पुस्तकात आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. त्यांच्यावर आभाळ कोसळले होते. बरीच वर्षे वेगळ्या राहिल्या, सोवळेओवळे पाळत राहिल्या, आणि स्वतःला पटले तेव्हा स्वतःच्या पायांनी आल्या. पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिली तेव्हा यातले त्यांनी काही लपवले नाही. नवऱ्यावरचा राग लपवला नाही, त्याचा वेंधळेपणा लपवला नाही, उपासमार लपवली नाही. शाळा त्यांनी जवळजवळ पाहिलीच नव्हती, घरात शिकल्या. आज महाराष्ट्रात अशी किती घरे आहेत की जिथे बायबलचे पान कधी उघडले गेले नाही, पण लक्ष्मीबाई वाचल्या गेल्या आहेत! त्या वाचकांना कोणी म्हणाले नाही की तुमच्यावर प्रचार झाला. एका बाईच्या आयुष्यात ख्रिस्त कसा आला, हे त्यांना तिच्याकडून कळले. प्रचाराची शंभर पत्रके जिथे उंबऱ्याबाहेर राहतात, तिथे ती बाई थेट स्वयंपाकघरापर्यंत गेली.

आपल्या काळातले उदाहरण हवे तर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे घ्या. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एका धर्मगुरूला तिथे बसवण्याविरुद्ध आवाज उठले होते, तरी मराठी वाचक त्यांच्या बाजूने उभा राहिला. का? तर वसईच्या 'सुवार्ता' मासिकातून आणि वृत्तपत्रांतून कितीतरी वर्षे ते वसईच्या हिरवाईविषयी, प्रवासाविषयी, श्रद्धेविषयी लिहीत आले होते. लोक त्यांना आधीपासून ओळखत होते.

कॅथलिक बांधवांना आणखी एक आठवण देते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१० च्या जागतिक संपर्क दिनाच्या संदेशात धर्मगुरूंना ब्लॉग आणि संकेतस्थळे सुवार्तेसाठी वापरण्यास सांगितले होते. आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ज्याला संतपद मिळाले तो कार्लो अक्युतिस पंधराव्या वर्षी वारलेला शाळकरी मुलगा होता. त्याने काय केले? पवित्र ख्रिस्तशरीराच्या, म्हणजे मिस्सातल्या पवित्र भाकरीच्या, चमत्कारांची माहिती गोळा करून स्वतः वेबसाईट बनवली. तो धर्मगुरू नव्हता.

मग आपल्याकडे अडते कुठे? मला दिसते ते स्पष्टच लिहिते. आपली माणसे परवानगीची वाट पाहत बसली आहेत. "पाळकसाहेबांना विचारून सांगते" हे वाक्य मी महिला मंडळात इतक्यांदा ऐकले आहे! आणि ज्याने न विचारता लिहिले त्याचे काय झाले, हेही सगळ्यांना ठाऊक असते. माझ्या ओळखीच्या एका तरुणाने वडील गेल्यानंतर लिहायला घेतले. प्रार्थना करूनही वडील का गेले, हे मला समजत नाही, तरी मी अजून प्रार्थना करतो, एवढाच त्या लिखाणाचा आशय. कमिटीवरच्या एकाने त्याची छापील प्रत काढून बैठकीत ठेवली. मुलाला बोलावून विचारले, याने मंडळीचे नाव खराब होत नाही का? मुलाने त्याच रात्री सगळे काढून टाकले. आता तो फक्त वचनांची चित्रे पुढे पाठवतो.

वडीलधाऱ्यांनो, हे माझ्या जिवाला लागले आहे. त्या मुलाने जे लिहिले ते बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत आहे. ८८ वे स्तोत्र काढून बघा, ते अंधारातच संपते, शेवटी आशेची एक ओळही नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कारण ते देवाला उद्देशून म्हटले आहे. २२ वे स्तोत्र तर आपल्या प्रभूने वधस्तंभावर उच्चारले. दुःखात देवाला जाब विचारणाऱ्या माणसाला शास्त्राने जागा दिली आहे, ती आपल्या कमिटीने काढून घेऊ नये. शिवाय असा विचार करा की रात्री दोन वाजता, वडील नुकतेच गेलेला दुसरा एखादा मुलगा, कोणत्याही धर्माचा, मोबाईल हातात घेऊन बसला आहे. त्याला 'विजयी ख्रिस्ती जीवन' नावाचा संदेश लागेल, की हे पान लागेल?

योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायातला जन्मांध बरा झाल्यावर परूश्यांनी, म्हणजे त्या काळच्या कडव्या धर्मपुढाऱ्यांनी, त्याला शास्त्रार्थात पकडायला पाहिले. त्याने सुरुवातीलाच वाद घातला नाही. मला एवढेच ठाऊक आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसते, असे तो म्हणाला. आमच्याकडून याहून जास्त धर्मशास्त्राची अपेक्षा ठेवू नका. चुकीची शिकवण पसरेल ही तुमची काळजी मला कळते. त्यासाठी आम्हाला एवढेच सांगा की शिकवायला जाऊ नका, आपल्याबाबतीत घडले ते सांगा. शिकवणे तुमचे काम आहे आणि ते तुम्ही चांगले करता.

दुसरी भीती कायद्याची. धर्मांतराच्या आरोपांचे दिवस आहेत, पाळकांवर तक्रारी होतात, त्यामुळे तुम्ही जपून पावले टाकता यात गैर काही नाही. पण भीतीपोटी मुकेच व्हायचे, तर संविधानाच्या अनुच्छेद २५ ने दिलेला हक्क कपाटातच राहील. धर्म मानणे, आचरणे आणि त्याचा प्रसार करणे, तिन्ही त्यात आहेत, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क यात येत नाही, पण आपल्या धर्माची तत्त्वे उलगडून सांगणे येते. माझ्या दृष्टीने तर ही रेषा ख्रिस्ती माणसाला जाचक वाटायचे कारणच नाही. आमिष दाखवून आणलेला विश्वास आपल्याला हवाच कुठे आहे?

म्हणून पथ्येही सांगते, आणि ती कडक असावीत असे माझे मत आहे. दुसऱ्याच्या देवाविषयी, सणाविषयी, रीतीविषयी एक अपशब्द नको. कायद्याच्या धाकाने नव्हे, वहिनींच्या घरच्या पुरणपोळीला आणि त्यांनी माझ्या आजारपणात काढलेल्या रात्रींना स्मरून नको. आजार बरा झाल्याची साक्ष लिहायची तर डॉक्टरांचे उपचारही लिहावेत. 'तेल लावा, गोळ्या सोडा' असले काही एका ओळीतही दिसता कामा नये, त्याने जीव जातात. दुसऱ्याची गोष्ट त्याच्या परवानगीवाचून लिहू नये. मावशींची गोष्ट मी त्यांना विचारून लिहिली आहे, आणि त्या मुलीची ओळख पटेल असे काही त्यात ठेवलेले नाही. मदत घेणाऱ्या गरिबाचा, होस्टेलमधल्या लेकराचा फोटो तर कदापि नको. आणि लेखाच्या शेवटी फोन नंबर व दानासाठी खाते क्रमांक टाकण्याची जी पद्धत पडली आहे, ती साक्षीला मारक आहे. वाचणाऱ्याला वाटते, अच्छा, एवढ्यासाठी होते तर.

पेत्राने पहिल्या पत्राच्या ३ ऱ्या अध्यायात हेच तर सांगितले आहे. तुमच्या आशेविषयी कोणी विचारले तर उत्तर द्यायला नेहमी तयार असा, पण सौम्यतेने द्या. आधी कोणी विचारायला हवे, हेही त्यातच आले. ब्लॉगची मला आवडणारी गोष्ट हीच आहे. तो कोणाच्या दारावर थाप मारत नाही. ज्याला विचारायचे आहे तो आपणहून येतो, वाचतो, पटले नाही तर निघून जातो. व्हॉट्सॲपवर नको असलेल्याच्या मोबाईलमध्येही आपण घुसतो, आणि तिथले लिखाण आठवड्यात गाडले जाते. ब्लॉगवरचे पाच वर्षांनीही शोधणाऱ्याला सापडते.

सापडण्यावरून एक कामाची गोष्ट. आपल्या मंडळ्यांच्या शताब्दीच्या स्मरणिका, पॅरिश पत्रिका, वाढदिवसाचे विशेषांक यांत साक्षींचा खजिना पडून आहे. तो इंटरनेटवर टाकला जातो तेव्हा पानांचे फोटो काढून टाकला जातो, किंवा जुन्या फॉन्टमधल्या फायली तशाच चढवल्या जातात. फोटोतली अक्षरे शोधात सहसा येत नाहीत, आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या मोबाईलवर निव्वळ खुणांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही मोबाईलवर वाचता येईल अशा अक्षरांत, टाईप केलेली एक साक्ष अशा शंभर फायलींपेक्षा जास्त लोकांपर्यंत जाईल. तरुण संघाच्या मुलांना हे काम द्या. क्रिकेटच्या सामन्यांइतका उत्साह ते यातही दाखवतील, एकदा विश्वासाने सोपवून तर बघा.

ज्यांना टाईप करता येत नाही त्यांचे काय, असे कोणी विचारेल. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात, पौलाचे सलाम चालू असताना, मध्येच एक ओळ दुसऱ्याच माणसाची येते. हे पत्र लिहून घेणारा मी तर्तिय, माझाही सलाम घ्या. पौल सांगत होता आणि तर्तिय लिहीत होता. आमच्या मावशींनाही एक तर्तिय मिळाला तर पुरे. समोर बसावे, त्या बोलतील तसे लिहून घ्यावे, त्यांची भाषा सुधारू नये, आणि त्यांना वाचून दाखवून मगच चढवावे. वसईच्या आजीने तिथल्या कादोडी बोलीत सांगितले तर कादोडीतच लिहावे.

माझ्या बाजूने मी एवढे करू शकते. येत्या महिन्यापासून शनिवारी दुपारी आमच्या चर्चच्या हॉलमध्ये मोबाईलवर मराठी टाईप करणे, बोलून टाईप करणे आणि ब्लॉग उघडणे मी शिकवीन. खर्च काही नाही, हॉलची किल्ली तेवढी हवी. आसपासच्या ज्या मंडळ्यांना हवे असेल तिथेही येईन, संडे स्कूल सांभाळून. त्या तरुणालाही मी बोलावले आहे. तो म्हणतो, पाळकसाहेब आधी बोलू देत.

तेव्हा पाळकसाहेब, येत्या रविवारी सूचनांमध्ये दोन मिनिटे यासाठी काढा. लिहा म्हणून सांगा. आणि कमिटीने त्या मुलाला बोलावले होते तसेच पुन्हा एकदा बोलावून, त्याच खोलीत, त्याच लोकांसमोर, त्याला सांगा की जे काढून टाकलेस ते परत लाव.

आपली नम्र,
मंडळीची एक सभासद आणि संडे स्कूलची शिक्षिका